सात नंबरची घंटा

१

औषधांचा ट्रे घेऊन सिस्टर सात नंबरच्या खोलीत शिरली, तेव्हा कंडक्टरकाका पलंगावरून अर्धे खाली घसरलेले होते. उशी जमिनीवर पडली होती. उजव्या मुठीत घंटेचं बटण होतं, आणि ते इतकं घट्ट धरलेलं, की बोटं सोडवायला सिस्टरला मावशींना हाक मारावी लागली. अंग अजून कोमट होतं.

"हृदय थकलेलंच होतं, श्वास कोंडला," डॉक्टर म्हणाले. कुणी वेळेवर पोचलं असतं तर, असं विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. "ऑक्सिजन लावता आला असता," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी सकाळी आल्या आल्या नेहमीसारखा ऑफिसातला कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला आणि मग जुन्या खुणा काढून पाहिल्या. त्या शुश्रूषागृहातल्या सगळ्या खोल्यांच्या घंटा ह्याच कॉम्प्युटरला जोडलेल्या होत्या. सात नंबरच्या खोलीतून आदल्या संध्याकाळी घंटा दाबल्याच्या खुणा एकाखाली एक लागलेल्या. म्हातारा दाबत होता, थांबत होता, पुन्हा दाबत होता.

"माझ्या टेबलावर एकदासुद्धा वाजली नाही हो, साहेब," सिस्टर म्हणाली.

व्यवस्थापक तिला घेऊन टेबलाशी आले आणि एका आयाला सात नंबरमध्ये जाऊन बटण दाबायला सांगितलं.

टेबलावरची घंटा खणखणीत वाजली.

सिस्टरनं मान खाली घातली. त्याच दिवशी तिला घरी बसवण्यात आलं.

२

चौकशी समितीनं ज्या बाईंना बोलावलं त्यांना त्यांच्या धंद्यातले लोक पंचनामेबाई म्हणत. "माणूस गेला की डॉक्टर चिरफाड करतात, प्रोग्रॅम गचकला की मला बोलावतात," असं त्या स्वतःच सांगायच्या. गुडघ्यांनी संप पुकारलेला, त्यामुळे कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी पाठीची खुर्ची शोधायच्या. आणि एकदा बसल्या की उठायची घाई नाही. समोरच्यालाच बोलावंसं वाटायचं.

पहिल्यांदा भेटली ती काकांची मुलगी. ती शिवणकाम शिकवायची. बोलताना रुमालाची कड दोन बोटांत धरून अशी सरकवत होती, जणू मशीनखालून कापड चाललंय.

"मी तिला सोडणार नाही," ती म्हणाली. "माझे बाबा घंटा दाबून दाबून गेले आणि ही बया म्हणते, ऐकूच आली नाही!"

"त्या दिवशी तुम्ही आला होतात?"

"दुपारी. उन्हं कलेपर्यंत बसले होते. आणि सांगते तुम्हाला, मी असतानासुद्धा बाबांनी घंटा दाबली होती. आली का ती? मला वाटलं, लेक बसलीये म्हणून येत नसेल. तेव्हाच ओरडायला हवं होतं मी."

"सकाळी येत होती का?"

"सकाळचं मला काय ठाऊक? शेजारच्या आजींना विचारा. त्यांना भिंतीतून सगळं ऐकू जातं."

पंचनामेबाईंनी मान डोलावली. "बाबा घंटा फार वाजवायचे, असं व्यवस्थापक म्हणाले."

मुलीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं, पण डोळे भरून. "जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. घंटा मारायची सवय कुठली जायला! पण ते खरं कारण नव्हे. आई गेली, ते बाबांच्या डोक्यात टिकायचंच नाही. रोज विचारायचे, रोज सांगायचं, आणि रोज नव्यानं रडायचे. मग माझ्या भावानं एक युक्ती केली. तो प्रोग्रॅम लिहितो. आईचा एक जुना निरोप त्याच्या फोनमध्ये राहिला होता. त्यानं असं काही जोडलं, की बाबांनी घंटा दाबली की खोलीतल्या स्पीकरवर आई बोलायची. 'अहो, आले हं. जरा दम धरा.' बाबा लगेच शांत. बायको स्वयंपाकघरात आहे, येतेच आहे, असं समजून बसायचे."

"आणि तुम्हाला काय वाटायचं?"

रुमाल थांबला. "मला तो आवाज सहन व्हायचा नाही," ती म्हणाली.

३

सिस्टर दोन खोल्यांच्या घरात राहायची. तिनं पंचनामेबाईंना आपणहून पाठीची खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला टेकली. दारावर टकटक झाली की दचकत होती.

"तुमच्या टेबलावरच्या घंटेचा आवाज बंद करता येतो ना?"

सिस्टरनं पदर सावरला.

"येतो," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? कधीकधी मी करायचे. काका दर थोड्या वेळानं दाबायचे. बाकीचे पेशंटही आहेत ना? आवाज बंद केला तरी टेबलावर लाल ठिपका लागतो, त्यावरून कळतं. मी जायचेच. वैनी, मी जायचेच. नुसतं पाणी दिलं, पांघरूण सारखं केलं तरी खूश व्हायचे."

"त्या संध्याकाळी आवाज बंद केला होता का?"

"मला आठवत नाही."

"आठवत नाही?"

"आधी मी छातीठोक सांगत होते, चालू होता म्हणून. पण सगळे म्हणायला लागले, वाजली असेल, तुझंच लक्ष नसेल. घंटा दाबल्याचं कॉम्प्युटर सांगतोय, साहेबांनी दाबायला लावली तर वाजली. मग माझे कानच खोटे, नाही का?" तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले. "आता घरात बसल्या बसल्या मला घंटा ऐकू येते. उठून दारापर्यंत जाते. कुणी नसतं. वैनी, मीच मारलं का हो त्यांना?"

खोटा धीर देणं पंचनामेबाईंना जमत नसे.

४

पण एक गोष्ट त्यांच्या मनात रुतली होती: घंटा नुसती टेबलावरच कळते का? त्या शुश्रूषागृहात परत गेल्या आणि फरशी पुसणाऱ्या मावशींना गाठलं.

"संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"कुठे म्हणजे? सात नंबरच्या दारातच. कुणीतरी काढा सांडला होता, चिकट राडा नुसता. घासून घासून हात दुखले."

"घंटा दाबली की दारावर दिवा लागतो ना? तो लागला होता?"

"छे. लागला असता तर मीच आत डोकावले नसते का? दिवा लागला की आम्ही बघतोच, सिस्टर येवो न येवो. आत माणूस जातोय आणि मी बाहेर फडकं पिळतेय…" मावशींनी तोंडाला पदर लावला.

पंचनामेबाई भिंतीला टेकल्या. टेबलावरचा आवाज कुणी बंद केला असता, तरी दारावरचा दिवा लागलाच असता. आवाजाचं बटण टेबलापुरतं होतं. म्हणजे सिस्टर खरं बोलत होती. तिला स्वतःला आठवत नसलं, तरी.

मग वायर तुटली होती का? इमारतीचा इलेक्ट्रिशियन काका गेले त्याच दिवशी सकाळी त्या मजल्यावर काम करून गेला होता, आणि तेव्हापासून तो कुणाच्या नजरेला नजर देत नव्हता. बाईंनी विचारायच्या आतच तो म्हणाला, "मी सात नंबरला हात लावलेला नाही. आईशप्पथ."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "वायर तुटली असती तर दाबल्याची खूण कॉम्प्युटरपर्यंत पोचलीच नसती. खुणा आहेत. जा, जेवून घ्या."

त्या माणसाच्या खांद्यावरून पोतं उतरल्यासारखं झालं.

राहिल्या शेजारच्या खोलीतल्या आजी. डोळ्यांनी अधू, पण कानांनी तिखट.

"रोज ऐकायचे हो मी तिला," आजी म्हणाल्या. "'अहो, आले हं.' माझे हे गेले त्याला किती वर्षं झाली, पण ते ऐकलं की मलाही बरं वाटायचं. त्या दिवशी सकाळी दोन-चारदा बोलली. मग कंडक्टरची लेक आली. त्यानंतर एकदाही नाही. मी म्हटलं, म्हातारा झोपला वाटतं."

"लेक आल्यानंतर एकदाही नाही? नक्की?"

"बाई गं, मला दुसरा उद्योग काय आहे?"

पंचनामेबाई काठी टेकत सात नंबरमध्ये गेल्या. गादी गुंडाळून ठेवलेली होती. बटण खिळ्याला अडकवलेलं. त्यांनी ते दाबलं.

लांब टेबलावर घंटा वाजली. दारावरचा दिवा लागला. आणि रिकाम्या खोलीत, डोक्याशी, एक प्रेमळ, किंचित घाईतला आवाज म्हणाला, "अहो, आले हं. जरा दम धरा."

मारेकरी कसा आला आणि कसा गेला, ते पंचनामेबाईंना त्या क्षणी कळलं. त्यांना आनंद झाला नाही.

५

मुलाला त्यांनी एकट्याला ऑफिसात बोलावलं. तो तिशी उलटलेला, वडिलांसारखाच रुंद कपाळाचा. कॉम्प्युटरवर त्याचा छोटासा प्रोग्रॅम उघडून ठेवलेला होता.

व्यवस्थापकही बसले होते. त्यांना समजावं म्हणून बाईंनी सोप्यातून सुरुवात केली.

"साहेब, समजा फाटकावर एक वॉचमन आहे. तुम्ही त्याला सांगून ठेवता, पोस्टमन आला की मला हाक मार. मीही सांगते, मलाही मार. पोस्टमन आला की वॉचमन सांगून ठेवलेल्या सगळ्यांना हाक मारतो. इथे वॉचमन म्हणजे हा मुख्य प्रोग्रॅम, आणि पोस्टमन म्हणजे सात नंबरची घंटा; प्रत्येक खोलीच्या घंटेची नावांची यादी वेगळी. घंटा दाबली की हा आधी स्वतःशी खूण करतो. मग हाका मारतो. सिस्टरच्या टेबलाला एक, दारावरच्या दिव्याला एक, आणि ह्यांनी वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमला, म्हणजे प्लगइनला, एक. ह्या हाकेला कॉलबॅक म्हणतात."

"बरं," व्यवस्थापक म्हणाले.

"त्या संध्याकाळी टेबल गप्प, दिवा गप्प, आवाजही गप्प. तिघं एकदम. पण खूण मात्र झाली. म्हणजे पोस्टमन येत होता, वॉचमन जागा होता. हाक मारायला त्याच्याकडे कुणाचं नावच उरलं नव्हतं."

"पण दुसऱ्या दिवशी तर वाजली!"

"तुम्ही सकाळी कॉम्प्युटर बंद करून चालू केलात. नव्यानं सुरू झालं की सगळे पुन्हा आपापली नावं देतात. तुमच्या समोर पुरावा पुसला गेला, आणि पुसणारे तुम्हीच. तुम्हाला ठाऊक नव्हतं, एवढंच."

व्यवस्थापकांचा चेहरा उतरला. मुलगा मात्र त्यांच्याकडे पाहतच नव्हता. तो स्क्रीनकडे पाहत होता. आपल्याच लिहिलेल्या ओळींकडे.

"निघताना आपण वॉचमनला सांगायचं असतं, माझं नाव काढ," बाई हळूच म्हणाल्या. "तुमचं प्लगइन बंद करताना काय सांगतं?"

त्यानं ओळीवर बोट ठेवलं.

"सगळ्यांची नावं काढ," तो म्हणाला.

व्यवस्थापक पुढे वाकून ती ओळ पाहू लागले.

"मी आधी आवरायचं काही लिहिलंच नव्हतं," तो बोलू लागला, आणि मग त्याला थांबता येईना. "प्लगइन बंद करून चालू केलं की जुनं नाव तसंच राहायचं आणि नवं वर लागायचं. मग आई दोनदा बोलायची. तीनदा. एकावर एक. बाबा घाबरले. म्हणाले, 'अरे, घरात किती बायका आहेत?' आम्ही हसलो. मी त्याच दिवशी ही ओळ घातली. घरी माझ्या मशीनवर दुसऱ्या कुणाचं नावच नव्हतं, त्यामुळे चाललं. सगळे काढले काय, आपला काढला काय, एकच. मला वाटलं… मी पाहिलंच नाही…"

"आजवर ती ओळ चालली नव्हती, कारण ती घातल्यापासून इथे कुणी ते प्लगइन बंदच केलं नव्हतं. त्या दुपारी कुणीतरी केलं. बंद करायचं बटण कुणाकडे आहे?"

त्यानं वर पाहिलं. इतका वेळ त्याच्या डोळ्यांत शरम होती. आता भीती आली.

"माझ्याकडे," तो म्हणाला. "फक्त माझ्याच फोनमध्ये. मीच बंद केलं. घरून."

"का?"

"असंच. काहीतरी सुधारायचं होतं."

तो खोटं बोलतोय हे पंचनामेबाईंना कळत होतं, आणि कुणासाठी बोलतोय तेही.

"बाई," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "ओळ माझी आहे. चूक माझी आहे. एवढं पुरत नाही का? ह्याच्या पलीकडे लिहायलाच हवं का?"

दार ढकललं गेलं. त्याची बहीण उंबऱ्यात उभी होती.

६

"काय चाललंय? मला का नाही बोलावलं?" ती आत आली. "कळलं का, तिनं काय केलं ते?"

"सिस्टरनं काही केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "घंटा तिच्यापर्यंत पोचतच नव्हती."

"ताई, माझी चूक झाली," भाऊ घाईघाईनं उठला. "माझ्या प्रोग्रॅममध्ये घोळ होता. मी घरून आईचा आवाज बंद केला, आणि त्याबरोबर सगळंच बंद पडलं. टेबल, दिवा, सगळं. मी केलं. तू बस. पाणी पी."

ती बसली नाही. आधी तिला अर्थ लागला नाही. मग तिचा हात पिशवीवर गेला, ज्यात फोन होता, आणि तिथेच राहिला.

"आवाज बंद केला की सगळंच बंद पडलं?" तिनं शब्द सुटे सुटे करून विचारलं.

"मी बंद केला म्हटलं ना!"

"गप रे." ती भावाकडे पाहत होती, पण आवाजात राग नव्हता. लहानपणी तो पडून आला की ज्या आवाजात बोलत असेल, त्या आवाजात ती म्हणाली, "खोटं बोलायला तुला कधीच जमलं नाही. बटण तूच तर मला दिलं होतंस. तुला त्रास होत असेल तर भेटायला गेल्यावर बंद कर म्हणालास."

तो टेबलावर डोकं ठेवून रडू लागला. ती मात्र रडली नाही. पंचनामेबाईंकडे वळून, साक्ष द्यावी तसं सांगू लागली.

"मी कधी बंद केलं नव्हतं. त्या दिवशी केलं. बाबांनी घंटा दाबली. आई बोलली नाही. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. आणि मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, 'ठमे, तू कधी आलीस गं?' दोन वर्षांत त्यांनी मला ओळखलं नव्हतं, बाई. सिस्टर समजायचे, शेजारीण समजायचे. त्या दुपारी मी ठमी होते. त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली. म्हणाले, 'तुझी आई गेली ना गं?' मी हो म्हटलं. आम्ही दोघं मिळून रडलो. पहिल्यांदा दोघं मिळून. निघताना मला चालू करवेना. म्हटलं, आजची एक संध्याकाळ त्यांना शुद्धीत राहू दे. एका संध्याकाळीनं काय होतंय?"

व्यवस्थापकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"मी गेल्यावर त्यांनी बटण दाबलं असेल," ती म्हणाली. "आई बोलली नाही. सिस्टर आली नाही. आणि मी बसमध्ये बसून देवाचे आभार मानत होते."

भावानं उठून तिला धरलं. दोघंही जमिनीवरच बसले, आणि पंचनामेबाई, ज्यांना खाली बसणं जमत नसे, काठी बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी खाली बसल्या. पुन्हा उठायला त्यांना दोघांची मदत लागली.

७

भावानं ती ओळ तिथेच दुरुस्त केली. आपण जे नाव दिलं, तेवढंच काढायचं, दुसऱ्याच्या नावाला हात लावायचा नाही. काम होतं दोन मिनिटांचं. मग तो बराच वेळ फोन हातात धरून बसला. त्याच्याकडून हौसेनं हे प्लगइन मागून नेलेली आणखी दोन घरं होती. त्यांना काय झालं ते सांगायचं होतं, आणि गुळमुळीत सांगून चालणार नव्हतं. पहिला फोन लागल्यावर तो म्हणाला, "मी बोलतोय. ते आधी बंद करू नका. आधी माझं ऐका. माझे वडील वारले, आणि ते माझ्या चुकीनं." पुढचं सगळं सांगून होईपर्यंत त्यानं फोन ठेवला नाही.

बहीण पंचनामेबाईंना म्हणाली, "सिस्टरला तुम्ही सांगू नका. मी जाते. तुम्ही फक्त बरोबर चला."

सिस्टरनं दार उघडलं. समोर कोण उभं आहे ते पाहून तिनं नकळत एक पाऊल मागे घेतलं. बहिणीनं तिथेच, बाहेरच उभं राहून सगळं सांगितलं. काहीही राखून ठेवलं नाही. मधे दोनदा तिला थांबावं लागलं, तेव्हा सिस्टर वाट पाहत राहिली.

सांगून झाल्यावर सिस्टरनं एकच विचारलं. "म्हणजे वाजली नव्हती?"

"नव्हती."

"माझ्या टेबलावर वाजलीच नव्हती? माझ्या कानांत काही दोष नाही?"

"नाही. दिवासुद्धा लागला नव्हता."

सिस्टरनं चौकट धरली. तिच्या तोंडून हुंदका फुटला, आणि त्यात इतका सुटकेचा निःश्वास होता, की बहिणीला तो सोसवेना. तिनं चेहरा हातांत लपवला. दोघी दाराच्या दोन बाजूंना उभ्या राहून रडत होत्या, एक सुटली म्हणून, दुसरी अडकली म्हणून, आणि मधे उभ्या असलेल्या पंचनामेबाईंना कुणाच्या खांद्यावर हात ठेवावा ते कळेना.

"मी तुमच्यावर नको ते आळ घेतले," बहीण म्हणाली. "माफी मागायला तोंड नाही मला."

सिस्टरनं डोळे पुसले. ती साधी बाई होती, पण लाचार नव्हती.

"माफ केलं, असं आज नाही म्हणवणार मला," ती म्हणाली. "इतके दिवस मी कसे काढले, ते माझं मला ठाऊक."

"म्हणू नका."

ती जायला वळली. जिना तीन पायऱ्या उतरली असेल, तेवढ्यात सिस्टर म्हणाली, "अहो ताई."

ती थांबली.

"त्या दिवशी तुम्ही गेल्यावर मी एकदा फेरीला गेले होते. घंटा नव्हती, पण गेले होते. काका खिडकीपाशी बसले होते. मला म्हणाले, 'आत्ता माझी लेक येऊन गेली. ठमी.' ओळख करून दिल्यासारखं सांगितलं. कितीदा तरी. हे कुणी मला विचारलंच नाही, म्हणून सांगायचं राहिलं."

बहिणीनं कठडा धरला. तिला ना वर येता येईना, ना खाली जाता येईना.

"या आत," सिस्टर म्हणाली. "काय काय म्हणाले, ते सगळं सांगते."